इंजिनाचा झोका : जुन्या ट्रॅक्टरच्या गव्हर्नरविषयी

यंदाच्या स्मृतिव्याख्यानासाठी शाळेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी संतवाङ्मयावर किंवा सीमाभागातील मराठीच्या स्थितीवर बोलेन, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी विषय कळवला तो जुन्या ट्रॅक्टरच्या गव्हर्नरचा. चिटणीसांनी दूरध्वनी करून दोनदा खात्री करून घेतली. त्यांना मी दोष देत नाही. जन्मभर मराठी शिकवलेल्या माणसाने सेवानिवृत्तीनंतर डिझेलच्या पंपावर बोलावे, हे ऐकून कोणालाही शंका यावी.

परंतु ज्या गुरुजींचे नाव या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर आहे, त्यांनी आम्हांला मराठी शिकवले नाही, विज्ञान शिकवले. १९६५-६६ साली मी नववीत होतो. एके दिवशी गुरुजी वर्गात बोरूची एक पोकळ नळी, हातभर दोरा, एक खोडरबर आणि कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा घेऊन आले. दोरा नळीतून ओवून वरच्या टोकाला त्यांनी खोडरबर बांधले, खालच्या टोकाला जुडगा. नळी उभी धरून ते वरचे खोडरबर डोक्यावर गरगर फिरवू लागले. वेग वाढला की किल्ल्यांचा जुडगा आपोआप वर चढे. वेग मंदावला की खाली येई. "आता या जुडग्याला वाफेच्या झडपेचा दांडा जोडा," ते म्हणाले, "वेग वाढला की झडप मिटेल, वेग घटला की उघडेल. इंजिन स्वतःचा लगाम स्वतः धरील." आम्ही हसलो, कारण तेवढ्यात खोडरबर सुटून मागच्या बाकावर जाऊन आदळले होते. गणितात यथातथा असल्याने पुढे मी साहित्याकडे वळलो, आणि तो जुडगा विसरलो. पंचेचाळीस वर्षांनी, २०११ सालच्या सुगीत, तो मला आठवला. थोडा आधी आठवला असता तर बरे झाले असते.

गुरुजींनी दाखवला तो प्रयोग म्हणजे जेम्स वॉटच्या गव्हर्नरचे सार. वॉटने १७८८ साली आपल्या वाफेच्या इंजिनावर फिरत्या गोळ्यांचे हे साधन बसवले. कल्पना मुळात त्याची नव्हती. पिठाच्या गिरण्यांत आणि पवनचक्क्यांत जात्याच्या दगडांमधले अंतर सांभाळण्यासाठी असे गोळे त्याआधीच वापरात होते. वॉटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन याने लंडनच्या आल्बियन मिलमध्ये ते पाहिले आणि वॉटला कळवले. दळणाच्या सोयीसाठी निघालेली युक्ती अशा रीतीने इंजिनावर आली.

येथे भाषेच्या माणसाला थोडे विषयांतर क्षम्य असावे. गव्हर्नर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लाटसाहेब उभा राहतो. पण शब्दाचे मूळ राजभवनात नाही, नावेत आहे. लॅटिनमधील 'गुबेर्नाटोर' हा ग्रीक 'क्युबेर्नेटेस'वरून आला, आणि त्याचा अर्थ सुकाणू धरणारा. नॉर्बर्ट वीनर या अमेरिकन गणितज्ञाने १९४८ साली नियंत्रणाच्या नव्या शास्त्राला 'सायबरनेटिक्स' हे नाव दिले, तेही याच ग्रीक शब्दावरून. संस्कृतात 'कर्ण' याचा एक अर्थ सुकाणू असा आहे, म्हणून सुकाणू धरणारा तो कर्णधार. आपण हा शब्द क्रिकेटच्या संघाला देऊन टाकला. ट्रॅक्टरला दिला असता तर अधिक शोभला असता. मात्र 'नियामक', 'गतिनियंता' असे शब्द मिस्त्र्यापुढे उच्चारून मी एकदा फजीत झालो आहे, तेव्हा येथे गव्हर्नरच म्हणतो.

निपाणीजवळ आमच्या भावकीची मिळून वीसेक एकर जमीन आहे. वडिलांनी १९७२ साली एका बागायतदाराकडून जुना इंग्रजी ट्रॅक्टर घेतला. तो १९५०च्या दशकातला. त्या काळात इंग्लंडमध्ये तयार झालेल्या अनेक डिझेल ट्रॅक्टरांवर, त्यांत फोर्डसन मेजर सर्वांत प्रसिद्ध, फिरत्या गोळ्यांचा नव्हे तर हवेच्या ओढीवर चालणारा गव्हर्नर असे. आमचा त्याच कुळातला. त्याच्या कंपनीचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण पुढे जे घडले त्यात कंपनीचा काडीचाही दोष नव्हता. पन्नास-साठ वर्षे वापरलेल्या यंत्राचे कातडे वाळले, यासाठी कोणाला जबाबदार धरायचे?

डिझेल इंजिनाला गव्हर्नर का लागतो, हे आधी पाहिले पाहिजे. डिझेल इंजिन पंप देईल तेवढे तेल जाळते. पंपाची मात्रा एका जागी पक्की केली आणि मळणीयंत्रात पेंढीचा मोठा घास गेला, तर इंजिन गुदमरून बंद पडेल. उलट घास संपून यंत्र रिकामे फिरू लागले, तर तीच मात्रा आता जास्त होते, इंजिनाचा वेग वाढतो, वाढतच जातो, आणि ते मोडेपर्यंत वाढू शकते. दर क्षणाला भार बदलतो, म्हणून दर क्षणाला मात्रा बदलायला हवी. ते काम ड्रायव्हरच्या हाताच्या आवाक्यातले नाही.

आमच्या ट्रॅक्टरवर ते असे होते. इंजिन ज्या वाटेने हवा घेते, त्या वाटेत एक अरुंद गळा असतो आणि त्यात बटरफ्लाय झडप. ड्रायव्हर ज्याला 'रेस' म्हणतो तो हातातला लिव्हर डिझेलला जोडलेला नसतो, या झडपेला जोडलेला असतो. हे पुष्कळ जुन्या चालकांनाही ठाऊक नसते. अरुंद गळ्यातून हवा वेगाने गेली की तेथील दाब कमी होतो. बर्नोलीने १७३८ साली सांगितलेले हे तत्त्व आपण शाळेत शिकलो. तो कमी झालेला दाब एका बारीक नळीने पंपाच्या मागच्या डबीत पोचतो. डबीत कातड्याचा एक पडदा आहे, आणि पडद्याला पंपाची दातेरी दांडी जोडलेली आहे, जिला मिस्त्री 'रॅक' म्हणतात. दांडी एका बाजूला सरकली की तेल जास्त, दुसऱ्या बाजूला सरकली की कमी. पडद्यामागे एक स्प्रिंग आहे. ती दांडीला सतत जास्त तेलाकडे ढकलते. हवेची ओढ तिला कमी तेलाकडे खेचते. वेग वाढला की ओढ वाढते, दांडी मागे येते, वेग उतरतो. वेग घटला की ओढ सैल पडते, स्प्रिंग दांडीला पुढे ढकलते. लिव्हर मागे घेऊन झडप मिटली तर थोड्या वेगालाही ओढ जबर होते, म्हणून इंजिन मंद चालीवर, म्हणजे 'आयडल'वर, स्थिरावते.

या रचनेतली एक गोष्ट श्रोत्यांनी मनात ठेवावी, कारण सगळा धोका तेथे आहे. स्प्रिंग मागते, आणि वेग रोखतो. रोखणारी बाजू कोठेही निकामी झाली, नळी निसटली, पडदा फाटला, की स्प्रिंगला अडवणारे कोणी उरत नाही. दांडी पूर्ण तेलावर जाते. म्हणजे हा गव्हर्नर बिघडला की इंजिन बंद पडत नाही, उधळते. फिरत्या वजनांच्या गव्हर्नरमध्येही हेच आहे. तेथे वजनांना फिरवणारा दुवा तुटला तर स्प्रिंग झडप उघडूनच ठेवते.

२०११च्या पावसाळ्यात आमचा ट्रॅक्टर आयडलवर एकसारखा चालेनासा झाला. आवाज चढे, पडे, पुन्हा चढे. इंग्रजीत याला 'हंटिंग' म्हणतात. आमचा ड्रायव्हर कन्नड-मराठी दोन्ही बोलणारा, त्याने याहून चांगला शब्द दिला. "सर, इंजिन झोकं खातंय बघा." काही दिवसांनी लिव्हर पूर्ण मागे घेतला तरी वेग पूर्वीइतका उतरेना. तालुक्याच्या गावच्या एका मिस्त्र्याने येऊन झडपेच्या टेकणीचा स्क्रू फिरवला, वेग खाली आला, त्याने पैसे घेतले आणि गेला. पंधरा दिवसांनी वेग पुन्हा चढला. पुन्हा स्क्रू, पुन्हा पैसे.

ही चूक फार सर्वत्र आढळते, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. नळीत कोठे तरी बारीक गळती झाली की बाहेरची हवा आत शिरते आणि पडद्यापर्यंत पोचणारी ओढ कमी पडते. दांडी जरा पुढे राहते, आयडलचा वेग चढतो. आता स्क्रू सैल करून झडप आणखी मिटवली तर गळ्यातली ओढ वाढते, गळतीत जेवढी गेली तेवढी भरून निघते, आणि इंजिन शहाण्यासारखे चालू लागते. गळती मात्र तेथेच असते, आणि वाढत असते. ताप आलेल्या माणसाचा तापमापक थंड पाण्यात बुडवावा तसे हे. स्क्रू दोनदा फिरवावा लागला, यातच खरे निदान होते. आम्ही कोणी ते वाचले नाही.

तिसऱ्या वेळी मी मिस्त्र्याला बोलावले नाही. नळीवरून हात फिरवता पंपाकडच्या जोडाशी मला एक चीर सापडली. निदान बरोबर होते, याचा मला अभिमान वाटला. उपाय मी काय केला? घरातली विजेच्या तारांना गुंडाळायची काळी चिकटपट्टी चार वेढे गुंडाळली. झोके थांबले. रात्री जेवताना मी घरच्यांना गुरुजींच्या बोरूची गोष्टही सांगितली.

ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी सुरू झाली. आमचे मळणीयंत्र जुने, ट्रॅक्टरच्या पुलीवरून लांब पट्ट्याने चालणारे. दुपारी चारच्या सुमारास, यंत्र रिकामे होत आले असताना, इंजिनाचा आवाज चढू लागला. प्रथम वाटले ड्रायव्हरने रेस वाढवली. तो ओरडला, "मी न्हाई, सर!" इंजिनाच्या उष्णतेने चिकटपट्टीचा डिंक पातळ झाला होता आणि थरथरीने ती जोडावरून सरकली होती. काळा धूर, मग कानठळ्या बसवणारा आवाज. इंजिन बंद करण्याची तार दोन वर्षांपूर्वीच तुटलेली. आम्ही पंपावरचा लिव्हर हाताने ओढून बंद करत असू आणि त्यात काही वावगे आहे असे कोणालाही वाटत नव्हते. ड्रायव्हर खाली उडी मारून फिरत्या पंख्याशेजारून पंपापर्यंत हात घालीपर्यंत पट्टा पुलीवरून निसटला आणि चाबकासारखा फिरून गंजीवर आदळला. पेंढ्या घालणारी बाई नेमकी पाणी प्यायला बाजूला गेली होती. ती ज्या फळीवर उभी राहत असे, ती फळी पट्ट्याने उडवली. मग इंजिन थांबले.

कोणाला इजा झाली नाही. त्या संध्याकाळी मात्र मी जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी, म्हणजे मी आणि ड्रायव्हरने, काम पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. या वेळी घाई न करता. त्यातून जो क्रम हाती लागला तो सांगतो. पुढे जाणकारांशी बोलून तो मी पडताळून घेतला आहे.

पहिली गोष्ट, दोष गव्हर्नरचा आहे की नाही हेच ठरवणे. नांगर कठीण जमिनीत गेला आणि वेग थोडा उतरला, तर तो दोष नव्हे. भाराशिवाय १,७६० फेऱ्या असलेले इंजिन पूर्ण भारावर १,६०० फेऱ्यांवर आले, असे समजा. हा दहा टक्क्यांचा उतार अशा गव्हर्नरच्या स्वभावातच आहे, कारण वेग थोडा उतरल्याशिवाय ओढ सैल पडणार नाही आणि जास्तीचे तेल मिळणार नाही. पण भारावर इंजिन फारच दबत असेल तर दांडीकडे पाहावे. दांडी पूर्ण तेलावर गेली आहे आणि तरी इंजिन दबते, तर गव्हर्नरने आपले काम केले आहे. दोष अन्यत्र शोधावा. धूर निघत नसेल तर तेल पोचत नाही: फिल्टर तुंबला असेल, तेलात हवा शिरली असेल, किंवा टाकीच्या झाकणाचे श्वासाचे छिद्र बुजले असेल. काळा धूर असेल तर तेल आहे आणि हवा कमी, किंवा भारच पेलवणार नाही इतका. दांडी पूर्ण तेलावर गेलेलीच नसेल, तर मात्र गव्हर्नरकडे वळावे. हवेवर चालणाऱ्या गव्हर्नरमध्ये एक गंमत अशी की, हवेचा फिल्टर चिखलाने तुंबला तर गळ्यातली ओढ उगाच वाढते, दांडी मागे खेचली जाते आणि ट्रॅक्टर दमेकऱ्यासारखा वागतो. लोक पंप उघडतात. धुवायचा असतो फिल्टर.

त्यानंतर बाहेरून आत यावे. हातातल्या लिव्हरपासून झडपेपर्यंतचे दांडे आणि खिळी पाहाव्या. झिजलेल्या खिळीत दोन सूत जरी खेळ असला तरी लिव्हर एक सांगतो आणि झडप दुसरेच ऐकते. लिव्हर पूर्ण मागे घेतल्यावर झडप खरोखर टेकणीला टेकते का, हे बोट लावून पाहावे. डोळ्यांवर भरवसा ठेवू नये.

मग नळी आणि तिचे जोड. चिरलेली नळी बदलायची, बांधायची नाही. एवढे एक वाक्य मी स्वतःसाठी बोलतो आहे.

मग पडदा. त्याची परीक्षा डबी न उघडता होते, आणि ती इतकी सुंदर आहे की मला गुरुजींची आठवण झाली. इंजिन बंद ठेवून पंपाकडची नळी सोडवावी. बंद करण्याचा लिव्हर ओढून दांडी पूर्ण मागे न्यावी. नळीच्या छिद्रावर ओले बोट घट्ट दाबून धरावे आणि मग लिव्हर सोडावा. स्प्रिंग दांडीला पुढे ढकलू पाहते, पण डबीत बाहेरची हवा येऊ शकत नसल्याने आत ओढ निर्माण होते आणि दांडी अडून राहते. सरकली तरी अगदी सावकाश. बोटाच्या टोकाला ती ओढ जाणवते. पडद्याला भोक असेल तर दांडी लगेच परत जाते. आमची दांडी मी एक, दोन, तीन म्हणेपर्यंत परत गेली. म्हणजे चीर एकच नव्हती. नळी नवी घालून आम्ही स्वस्थ बसलो असतो तर पुढच्या सुगीत पडद्याने तोच प्रसंग आणला असता.

डबी उघडल्यावर पडद्याबरोबर दांडीही पाहावी. पंपाचे दुसरे काही न हलवता ती बोटाने अलगद पुढे-मागे सरकली पाहिजे. ट्रॅक्टर महिनोन्महिने उभा राहिला तर जुने डिझेल आत चिकटासारखे साकळते, पाण्याचा अंश असेल तर गंजही धरतो. दांडी पूर्ण तेलावर अडकलेली असताना इंजिन सुरू करणे म्हणजे आपण होऊन अपघाताला बोलावणे. बराच काळ पडून राहिलेला ट्रॅक्टर सुरू करण्याआधी दांडी हलते का हे पाहिल्याशिवाय किल्लीला हात लावू नये.

स्क्रू सर्वांत शेवटी. आयडलचा स्क्रू लावायला हरकत नाही, पण इंजिन गरम झाल्यावर आणि वरचे सगळे निर्दोष ठरल्यावर. सर्वांत जास्त वेगाची मर्यादा ठरवणाऱ्या स्क्रूला तार ओवून शिशाचे सील लावलेले असते. ते सील शोभेसाठी नाही. काही पंपांवर आयडलचे झोके मारण्यासाठी वेगळी छोटी स्प्रिंग किंवा झडप असते, तिचाही स्क्रू असतो. तो जास्त आत घेतला की झोके थांबतात आणि लिव्हर मागे घेतला तरी वेग उतरत नाही. एक दोष जाऊन दुसरा येतो.

झोके मुळात का येतात? या प्रश्नावर जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने १८६८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे 'ऑन गव्हर्नर्स' हा निबंध ठेवला. वीज आणि प्रकाश यांचे नाते सांगणारा हाच तो मॅक्सवेल. वीनरने आपल्या शास्त्राचे नाव ठरवताना या निबंधाची आठवण ठेवली होती. मॅक्सवेलचे म्हणणे सोप्या शब्दांत असे: यंत्राचा तोल किंचित ढळला तर चार गोष्टी घडू शकतात. ढळणे वाढतच जाईल, किंवा आपोआप विरेल, किंवा झोके येऊन ते मरत जातील, किंवा झोके येऊन ते वाढत जातील. इंजिनाशेजारी उभे राहून कान लावला तर हे चारही ऐकू येतात. दांडी चिकट असली, दुव्यांत खेळ असला, की वेग बदलणे आणि दांडी हलणे यांत उशीर पडतो. वेग उतरतो, दांडी अडून राहते. मग एकदम सुटते आणि गरजेपेक्षा पुढे जाते. वेग चढतो, ती पुन्हा उशिरा मागे येते. झोपाळ्याला चुकीच्या क्षणी धक्का देत राहावे तसे. म्हणून झोके ऐकू आले की आधी चिकटपणा आणि खेळ शोधावा. गव्हर्नर फार तिखट, म्हणजे थोड्याशा बदलालाही जोराने धावून जाणारा, केला तरी झोके वाढतात. थोडा उतार सहन करणारा गव्हर्नरच शांत चालतो. कायमचा थोडा फरक राहू देणाऱ्या अशा साधनांना मॅक्सवेलने 'मॉडरेटर' असे निराळे नावच दिले होते.

फिरत्या वजनांच्या गव्हर्नरविषयी थोडक्यात सांगतो, कारण पुढच्या पिढीतल्या बहुतेक ट्रॅक्टरांवर तोच आला. तेथे नळी आणि पडदा नाहीत. त्यांच्या जागी वजनांच्या झिजलेल्या खिळी, अडखळणारी सरकती बाही आणि थकलेली स्प्रिंग. पेट्रोल किंवा रॉकेलवर चालणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरांची एक सोपी परीक्षा आहे. इंजिन बंद असताना हातातला लिव्हर पूर्ण पुढे केला तर कार्ब्युरेटरची झडप स्प्रिंगच्या जोराने पूर्ण उघडली पाहिजे. उघडली नाही तर दुव्याची लांबी चुकली आहे किंवा काही तरी अडकले आहे. क्रम मात्र तोच, बाहेरून आत.

हवेच्या गव्हर्नरचा एक चमत्कारिक दोष सांगितलाच पाहिजे. चढावर इंजिन बंद पडत असताना ट्रॅक्टर मागे घरंगळला, तर कधी कधी इंजिन उलटे फिरू लागते आणि तसेच चालू राहते. मग हवा धुराड्यातून आत जाते आणि धूर हवेच्या फिल्टरमधून बाहेर येतो. गळ्यात ओढीच्या जागी उलटा दाब निर्माण होतो, म्हणून गव्हर्नर अंधळा होतो, आणि वंगणाचा पंपही उलटा फिरत असल्याने वंगण मिळत नाही. फिल्टरमधून धूर दिसला की विचार करत बसू नये, तत्काळ बंद करावे.

आणि बंद कसे करावे, हे ठरवायची वेळ इंजिन उधळल्यानंतरची नव्हे. बंद करण्याची तार शाबूत पाहिजे. ती तुटलेली असेल तर ट्रॅक्टर त्या दिवशी कामाला काढूच नये. एवढे करूनही क्वचित इंजिन थांबत नाही, कारण ते पंपाच्या तेलावर चालतच नसते. तेलाच्या बशीचा हवा-फिल्टर खुणेपेक्षा जास्त भरला तर इंजिन ते तेल ओढून घेऊन जाळते. अशा वेळी हवा तोडणे हाच उपाय. त्यासाठी हवेच्या तोंडावर बसेल अशी सपाट फळी जवळ ठेवावी. हात लावू नये. ती ओढ तळहात सोडत नाही. गोणपाटही नको, ते आत खेचले जाते. आमच्या खळ्यावर आता अशी फळी ट्रॅक्टरलाच बांधलेली असते, आणि पट्ट्याच्या रेषेत कोणी उभे राहायचे नाही असा नियम आहे. पेंढ्या घालणारी ती बाई अजून आमच्याकडे सुगीला येते. नियम तीच इतरांना सांगते, माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात.

आपल्या भागाला यंत्रदुरुस्तीची परंपरा नाही असे कोणी म्हणू नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवण्यापूर्वी याच बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला होता. परंतु आपल्या शाळांत साहित्य एका खोलीत आणि पाना दुसऱ्या खोलीत, अशी वाटणी झाली, आणि मी त्या वाटणीचाच एक लाभार्थी आहे. गुरुजींनी ती मानली नाही. बोरू हा लिहिण्याचा. त्यांनी त्याचा गव्हर्नर केला.

पंपाचे काम जाणणाऱ्या एका वृद्ध कारागिराने आम्हांला नवा पडदा बसवून दिला, जास्तीच्या वेगाचा स्क्रू मोजून लावला आणि त्यावर नवे सील ठोकले. पैसे त्याने मिस्त्र्याच्या दोन फेऱ्यांपेक्षा कमी घेतले. जुना पडदा मी जपून ठेवला होता. तो आज शाळेच्या प्रयोगशाळेला देत आहे. हातात घेतला तर धडधाकट वाटतो. भोक टाचणीच्या टोकाएवढे आहे. खिडकीच्या उजेडासमोर धरून कातडे जरासे ताणले की दिसते.